रीफ टाकीची क्षारता: आधी माप तपासा, मग पाण्याला हात लावा

प्रवाळांच्या (रीफ) टाकीत क्षारता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) साधारण १.०२६, असावी हे बहुतेकांना ठाऊक असते. टाकी, पंप आणि आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची सोय झालेली आहे असे धरून मी लिहीत आहे.

मोजण्यापूर्वी पंप चालू ठेवून संपमधील (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतील) पाणी ठरलेल्या रेषेपर्यंत आरओ पाण्याने भरावे. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागेच राहते. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत टाकीवर पंखा लावला की पातळी झपाट्याने उतरते, आणि २०० लिटरच्या टाकीतील सहा लिटर पाणी उडाले तरी ३५ ची क्षारता ३६ च्या पुढे जाते. जुलैच्या दमट हवेत हेच बाष्पीभवन मंदावते. उतरलेल्या पातळीवर घेतलेले माप म्हणूनच निरुपयोगी असते.

यापुढचा टप्पा मला सर्वांत अवघड गेला, आणि बहुतेक टाक्या बिघडतात त्याही इथेच. रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाचा) शून्य आरओ पाण्यावर जुळवला की काम झाले, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला अपुरा आहे. शून्यावर अचूक असलेले उपकरण ३५ वर चुकू शकते, म्हणून ते ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच जुळवावे. शिवाय बाजारातील अनेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात आणि ३५ पीपीटीचे समुद्राचे पाणी ते ३६.५ च्या आसपास दाखवतात. त्या आकड्यावर विश्वास ठेवून पाणी पातळ करणारा माणूस मुळात योग्य असलेली टाकी स्वतःच्या हाताने बिघडवतो.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून झाकण अलगद मिटावे. खाली एकही बुडबुडा राहता कामा नये. थेंबाचे तापमान उपकरणाशी जुळेपर्यंत अर्धा मिनिट थांबून मगच निळ्या-पांढऱ्या भागांमधील सीमारेषा वाचावी. रेषा धूसर दिसली, तर काच पुसून नवे थेंब घ्यावेत. अंदाजाने आकडा ठरवू नये. हलत्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर (विशिष्ट गुरुत्व मोजणाऱ्या साधनावर) माझा भरवसा नाही, कारण काट्याला चिकटलेले सूक्ष्म बुडबुडे त्याला वर उचलतात आणि क्षारता आहे त्याहून अधिक भासते.

क्षारता जास्त असेल, तर टाकीतले थोडे पाणी काढून तेवढेच आरओ पाणी घालावे. २०० लिटरच्या टाकीत ३८ वरून ३५ वर येण्यासाठी एकूण सुमारे १६ लिटर पाणी बदलावे लागते. ते तीन दिवसांत विभागावे.

कमी क्षारता वाढवताना मात्र दुप्पट संयम हवा, कारण क्षारता उतरण्यापेक्षा चढणे माशांना अधिक जड जाते, तर कोळंबी आणि तारामाशाला दोन्ही बाजूंचे झटके सोसत नाहीत. विशिष्ट गुरुत्व दिवसाला ०.००१ पेक्षा अधिक वाढवू नये. सर्वांत सुरक्षित मार्ग असा की, उडालेल्या पाण्याची भरपाई काही दिवस आरओ पाण्याऐवजी ३५ पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने करावी. २०० लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर उडत असेल, तर क्षारता दररोज साधारण अर्ध्या पीपीटीने चढते आणि ३१ वरून ३५ वर पोहोचायला आठवडाभर लागतो. तेवढा वेळ द्यावाच. स्वयंचलित टॉप-अप (उडालेले पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) असेल, तर या काळात तो बंद ठेवावा, नाहीतर तो मधेच आरओ पाणी ओतत राहील.

कोरडे मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये. ज्या प्रवाळावर दाणे बसतात, तिथली ऊती जळते. मीठ वेगळ्या बादलीत, पाण्यात मीठ या क्रमाने, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून पूर्ण विरघळवावे आणि पाणी टाकीच्या तापमानाला आणून मोजावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारीयता (आम्लाला तोंड देण्याची पाण्याची क्षमता; क्षारता नव्हे) आवश्यक प्रमाणात नसते. आंबा घाट उतरून रत्नागिरीहून समुद्राचे पाणी आणण्याचा सल्लाही मला मान्य नाही: पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी नद्यांमुळे पातळ आणि गढूळ होते, आणि त्यात आणखी काय मिसळले आहे हे रिफ्रॅक्टोमीटर सांगत नाही.

इच्छित आकडा गाठल्यावर टॉप-अप पुन्हा आरओ पाण्यावर आणावा, दुसऱ्या दिवशी रेषेपर्यंत पाणी भरून पुन्हा मोजावे आणि प्रमाणित द्रावणाची बाटली घट्ट बंद ठेवावी. तिच्यातले पाणी उडाले, तर तिचा ३५ हा आकडाही खरा राहत नाही.