गार तळ्यांचं पाणी आणि बाटलीचं झाकण : या चुका टाळा

दर सप्टेंबरात लडाखहून परतलेली पोरं पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहतात. चेहरे रापलेले, ओठ फुटलेले आणि पहिला प्रश्न ठरलेला : "काका, आकडे कधी मिळतील?" बाटल्या कशा आणल्या, असं मी उलट विचारलं की एकमेकांकडे बघतात. बडोद्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत असे नमुने तोलून, तपासून यंत्राला लावायचं काम मी बरीच वर्षं करतोय. चुका त्याच त्या. एखाद्याने नवीन चूक केली तर मी पेढे वाटीन.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी एवढंच : पाण्याचे काही रेणू जड असतात. कुणात ऑक्सिजन-१८ म्हणजे जड ऑक्सिजन असतो, कुणात ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. ऊन-वाऱ्यात हलके रेणू आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणून तळ्यातलं पाणी कुठून आलं आणि त्यातलं किती उडालं, याचा माग या प्रमाणावरून काढता येतो. फरक हजारात मोजतात, पर मिलमध्ये. शेकड्यात नाही. तरी अहवालात टक्क्याचं चिन्ह टाकणारा दरवर्षी एक निघतोच.

"एवढ्या थंडीत कसलं बाष्पीभवन?"

हा गैरसमज बडोद्याच्या मे महिन्यातून येतो. आपल्याला वाटतं, चाळीसच्या वर पारा गेला की पाणी उडतं, एरवी बसून राहतं. लेहमध्ये वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो, हवा कोरडी ठाक, वर वारा. तिथे थंडीत दोरीवर टाकलेला शर्ट आधी पापडासारखा कडक होतो आणि मग एक थेंबही न गळता वाळतो. तिथल्या त्सो मोरीरी तळ्याला तर बाहेर जाणारी नदीच नाही. ओढे आत येतात, आणि पाणी जातं ते मुख्यतः वर, हवेत. म्हणूनच ते मचूळ आहे. बाष्पीभवन शून्य धरून गणित मांडलंत तर ते मांडायचीच गरज नव्हती.

झाकण

आता माझा आवडता राग. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. का, ते विचारलं की गप्प. आत हवा राहिली की पाणी त्या हवेशी देवाणघेवाण करतं, आणि झाकण ढिलं असेल तर हळूहळू उडतं. त्यात त्सो मोरीरी आहे सुमारे ४,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडा जास्त. अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली तिथे बंद करून खाली आणली की बाहेरच्या दाबाने तिची गालफडं बसतात, आणि झाकण नीट नसेल तर ती आपल्याकडची पावसाळी दमट हवा आत ओढून घेते. अशी चेपलेली बाटली दिसली की मी ती बाजूलाच काढतो.

पण काठोकाठ भरण्याचीही एक गंमत आहे, आणि ती मी स्वतः त्सो मोरीरीकाठच्या कोरझोक गावात पाहिली. ऑक्टोबर होता. मी एकदाच सोबत गेलो, त्या वर्षीची गोष्ट. बरोबरच्या मुलाने दिवसभर राबून तीस-तीस मिलीच्या बाटल्या अगदी नियमाने भरल्या आणि रात्री खोलीच्या खिडकीत ओळीने मांडून ठेवल्या. दिसायला छान. सकाळी पाहिलं तर पाच बाटल्यांची झाकणं वर उचललेली, आणि प्रत्येकीच्या गळ्याशी बर्फाची पांढरी कॉलर. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. तीस मिलीत जवळजवळ तीन मिली जाणार कुठे? आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या अमा-ले (तिकडे आईला असंच हाक मारतात) चहा घेऊन आल्या, खिडकीकडे पाहिलं आणि हसत सुटल्या. त्यांच्या घरात पाण्याचं भांडं रात्री बुखारीजवळ, म्हणजे घर तापवायच्या शेगडीजवळ असतं, हे आम्हाला दोन दिवस दिसत होतं.

खरा घोळ पुढे झाला. मी चहा पिऊन येईपर्यंत पठ्ठ्याने ती कॉलर रुमालाने पुसून झाकणं घट्ट केली होती. "काका, थोडंसंच होतं." थोडंसं, पण कुठलं? बाटली बाहेरून आत गोठत जाते. पहिला बर्फ जड रेणू जास्त घेतो, उरलेलं पाणी हलकं होतं, आणि झाकणातून बाहेर ढकललं जातं ते हेच हलकं पाणी. म्हणजे त्याने नेमका एका बाजूचा भाग पुसून टाकला होता. पाचही बाटल्या बाद.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. बाटल्या भरायच्या काठोकाठ, पण गोठू द्यायच्या नाहीत. दिवसा औषधवाल्याकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या डब्यात. रात्री लोकरी मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पायांशी. झोपेत टोचतात, टोचू देत. गोठणं टाळताच येणार नसेल तर मुद्दाम दहावा हिस्सा रिकामा ठेवा, आतून शंकूसारखं प्लॅस्टिक असलेलं झाकण घट्ट लावा, आणि नंतर पूर्ण वितळून, हलवून मगच उघडा. दुसरं म्हणजे वजन. मी प्रत्येकाला खिशात मावणारा दागिने तोलायचा छोटा काटा घ्यायला लावतो. भरलेली बाटली तिथेच तोलून वजन लेबलवर लिहायचं, इथे आल्यावर मी पुन्हा तोलतो. शंभर ग्रॅममधला एक ग्रॅम जरी उडाला तरी ऑक्सिजनचा आकडा ०.१ ते ०.२ पर मिलने सरकू शकतो, आणि यंत्राची अचूकता तेवढ्याच घरात असते. पोरं म्हणतात, काका किराणा दुकानदारासारखे वागतात. म्हणू देत. झाकणावर पॅराफिल्म, म्हणजे ताणून लावायची मेणचट पट्टी, गुंडाळली म्हणजे सगळं झालं, ही तर शुद्ध आळशी समजूत. ढिल्या झाकणावर ती नुसती शोभेची.

बर्फाचा तुकडा

एकीने मार्चमध्ये गोठलेल्या तळ्यावरून बर्फ आणि खालचं पाणी, दोन्ही आणलं. मेहनती मुलगी, थंडीने बोटं सुजलेली. आलेखावर (आडवा ऑक्सिजन, उभा ड्युटेरियम) बर्फाचा ठिपका ऑक्सिजनमध्ये पाण्यापेक्षा जवळजवळ ३ पर मिल जड आला, आणि तिने लिहिलं : हिवाळ्यात तीव्र बाष्पीभवन. अगं, हे बाष्पीभवन नाही, नुसतं गोठणं आहे! सावकाश गोठलेला बर्फ आपल्या पाण्यापेक्षा ऑक्सिजनमध्ये साधारण ३ आणि ड्युटेरियममध्ये २० पर मिलच्या आसपास जड असतो. झटपट गोठला तर फरक कमी.

यातली मेख आलेखावर दिसत नाही. तळ्यातून बाष्पीभवन होतं तेव्हा ठिपके बहुधा ४ ते ६ च्या उतारावर पसरतात. गोठण्याचा उतार येतो साधारण ६ ते ७. म्हणजे सहाच्या आसपास दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि नुसत्या रेघेवरून कोण कोण ते सांगता येत नाही. तिथे तुमची वहीच कामाला येते : बर्फ किती जाड होता, वरच्या थरातला की खालच्या, त्यावर हिम साचलेलं होतं का. तिच्या वहीत होतं फक्त "बर्फ, १ पिशवी".

आणि बर्फ वितळवायचा तर पूर्ण. अर्धा वितळला की वरचं पाणी ओतून बाटली भरणारे महाभाग आहेत. उरलेला बर्फ आणि ओतलेलं पाणी सारखं नसतं, हे वर सांगितलंच. दोन झिप पिशव्या एकात एक, हवा दाबून काढलेली, वर स्टीलचा डबा. रात्रभर राहू द्या. बुखारीवर ठेवून घाई कराल तर पिशवीही वितळेल. तेही पाहिलंय.

बाकीच्या भराभर सांगतो.

जगभराची रेघ सगळीकडे लावू नका. हार्मन क्रेग या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये पाऊस-बर्फाच्या पाण्यासाठी दिलेली रेघ, ड्युटेरियम बरोबर ऑक्सिजनच्या ८ पट अधिक १०, ही जगाची सरासरी आहे. लडाखचा हिवाळी हिम पश्चिमी विक्षोभांतून येतो. त्या वाफेचा बराच भाग भूमध्य समुद्राकडचा असतो, आणि तिचा डी-एक्सेस (ड्युटेरियममधून ऑक्सिजनची ८ पट वजा केली की उरतो तो आकडा) दहापेक्षा बराच जास्त निघतो. तिथलाच पाऊस, तिथलाच हिम गोळा करून स्थानिक रेघ काढा. एका उन्हाळी सहलीत ती मिळत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर एका उन्हाळी सहलीवर प्रबंध लिहू नका.

ओढ्याच्या तोंडाशी बाटली भरली तर ते ओढ्याचं पाणी. गाडी तिथे थांबते म्हणून तळं तिथे सुरू होत नाही.

खारं पाणी यंत्राला शेवटी लावा. पँगाँगच्या दहा बाटल्यांनी वाफ करणाऱ्या भागात मीठ धरतं, आणि ते खरवडायला मी बसतो. आधीच्या नमुन्याची आठवण यंत्र लगेच सोडत नाही, म्हणून एका बाटलीला सहा वेळा सुई टोचून पहिले तीन आकडे मी टाकून देतो. "काका, दोनदाच टोचा ना, ट्रेन आहे." ट्रेन दुसरी मिळते.

आणि लेबल. बॉलपेन थंडीत उमटत नाही, मार्कर ओल्या हाताने पुसतो. कागदी चिकटपट्टीवर शिसपेन्सिल, तीच टिकते. माझ्या कपाटात एक बाटली आहे, तिच्यावर लिहिलंय "तळं-३, सकाळ". ती टोळी त्सो कारला गेली होती. तिथे शेजारी स्टार्टसापुक त्सो आहे. पहिलं खारं, दुसरं गोडं. थोडं पाणी वेगळं काढून त्यात खारेपणा दाखवणारा मीटर बुडवला, काटा वर गेला, म्हणजे त्सो कारचं. सकाळ कुठल्या तारखेची, ते विचारायला तिघांना फोन केले. तिघांनी तीन तारखा सांगितल्या.