सीडीएमए की जीएसएम: अशा भांडणात शेअर कसा पारखायचा

ठाणे स्टेशनजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर एका सब-ब्रोकरचं ऑफिस. त्यामुळे नव्या तंत्रज्ञानावरचे वाद मला बसल्या जागी ऐकायला मिळतात. हल्ली विषय सॅटेलाइट फोनचा असतो, पण सूर तोच: ‘टेक्नॉलॉजी भारी आहे, शेअर घेऊन टाका.’ भारी असणं आणि त्यातून आपल्या हाती पैसा येणं, यात बरंच अंतर असतं. ते कसं मोजायचं ते सांगतो. उदाहरण जुनं घेतो, सीडीएमए आणि जीएसएम या मोबाइल चालवायच्या दोन पद्धतींमधल्या भांडणाचं, कारण त्याचा निकाल लागून गेलाय.

तांत्रिक बाजू समजून घ्या, पण तिथेच रुतून बसू नका. जीएसएममध्ये एकाच लहरीवर वेळेचे तुकडे पाडून प्रत्येकाला आपापली पाळी मिळते. सीडीएमएमध्ये सगळे एकदमच बोलतात, प्रत्येकाचा कोड वेगळा. त्यामुळे तेवढ्याच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे तेवढ्याच रेडिओ लहरींमध्ये, जास्त माणसं बसतात, असा सीडीएमए पुढे आणणाऱ्या क्वालकॉम या अमेरिकन कंपनीचा दावा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत यावरून गुंतवणूकदारांमध्ये अक्षरशः हमरीतुमरी चालायची. दावा पुष्कळसा खरा निघाला; जीएसएमवाल्यांनी 3जीसाठी डब्ल्यूसीडीएमए घेतलं, तेही कोडवरच चालणारं.

आता मुख्य काम. गाड्या कोणाच्याही धावोत, टोलनाका कोणाचा आहे ते शोधा. यासाठी कंपनीचे दावे वाचण्यापेक्षा तिने काय विकलं आणि काय ठेवलं ते बघा. क्वालकॉमने 1999 मध्ये मोबाइल यंत्रणेचा, म्हणजे टॉवरवरच्या सामानाचा धंदा एरिक्सनला दिला आणि 2000 मध्ये हँडसेटचा धंदा क्योसेराला. ठेवलं काय, तर चिप आणि पेटंट. फोन कोणीही बनवो, रॉयल्टी इकडेच. हे दोन सौदे ज्याने नीट वाचले, त्याला कंपनी कळली.

पण कंपनी कळली म्हणजे भाव कळला असं नाही. 1999 या एका वर्षात तो शेअर सुमारे 2,600 टक्के वाढला. डिसेंबरात एका विश्लेषकाने 1,000 डॉलरचं लक्ष्य जाहीर केलं आणि उरलेसुरलेही आत शिरले. 2002 पर्यंत भाव पार कोसळला होता. धंदा मात्र चालूच होता, रॉयल्टी येतच होती. म्हणून वादात कोण बरोबर हे ठरवल्यावर वेगळा कागद घ्या आणि लिहा: हे बरोबर असणं आजच्या भावात आधीच धरलंय का?

‘फोनवर इंटरनेट’ म्हटलं की मी आधी मीटर कुठे फिरतो ते विचारतो. नोकिया 7110 आला, त्यात वॅप होतं, म्हणजे छोट्या पडद्यावर इंटरनेटची पानं दाखवायची सोय. पण सुरुवातीला ते फोन लावूनच चालायचं: 9.6 केबीपीएसचा रखडता वेग, पान उघडेपर्यंत बिलाची मिनिटं मोजली जायची. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी 1999 मध्ये आय-मोड ही फोनवरच्या इंटरनेटची सेवा आणली. त्यात डेटा जेवढा येईल तेवढेच पैसे. वर मजकूर पुरवणाऱ्यांची वसुली डोकोमो ग्राहकाच्या बिलातूनच करून द्यायची आणि 9 टक्के स्वतःकडे ठेवायची. पडदे दोन्हींचे इवलेसेच. एक लोकांनी वैतागून बंद केलं, दुसऱ्याची जपानला सवय लागली.

यानंतर शेअरबाजार सोडा आणि सेकंडहँड फोनच्या दुकानात जा. हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. 2003 च्या पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून घेऊन सीडीएमए फोन हातात दिला आणि ठाण्यात एकच झुंबड उडाली. आवाज स्वच्छ, दर स्वस्त, वर आर-वर्ल्ड या फोनमधल्या माहितीसेवेवर क्रिकेटचा स्कोअर. पण त्या फोनची बॅटरी काढली की खाली सिमची खाचच नसायची; नंबर फोनमध्येच भरलेला. ऑरेंज या तेव्हाच्या जीएसएम कंपनीचा ग्राहक सिम काढून जुना नोकिया माझ्याकडे टाकायचा, आणि तो लगेच कोणीतरी उचलायचं. सीडीएमए फोन परत आला तर मी हात जोडायचो. ज्या फोनला जुन्या बाजारात गिऱ्हाईक नाही, त्या जाळ्यात नवा माणूस ओढायला कंपनीला सारखा स्वतःचा खिसा हलका करावा लागतो. पुढे रिलायन्स आणि टाटा दोघांनीही जीएसएम सुरू केलं, आणि टाटांच्या जोडीला आली ती हीच डोकोमो.

सेवा देणाऱ्या कंपनीचा शेअर घेत असाल तर शेवटची तपासणी कर्जाची. ब्रिटनने एप्रिल 2000 मध्ये 3जीचे परवाने लिलावात विकून सुमारे 22.5 अब्ज पौंड घेतले. तिथली पहिली 3जी सेवा सुरू झाली मार्च 2003 मध्ये. अशा मधल्या वर्षांचं व्याज कंपनी कुठून भरणार आहे, ते ताळेबंदात शोधा. सापडलं नाही तर शेअर घेऊ नका.