सोफ्याचं कापड बाहेरून मागवताय? या चुका टाळा

"भाऊ, बिलात 'सोफा फॅब्रिक' असं साफ लिहिलं हाये, मंग कस्टमवाले काहून अडवते?" हिंगणघाटजवळच्या खेड्यात सोफे बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन. माल नागपूरच्या आयसीडीत (कंटेनर डेपोत), लग्नसराई तोंडावर आणि भाडं रोज चढतंय.

घोळ त्याच दोन शब्दांत होता. कस्टम टॅरिफमध्ये सोफ्याच्या कापडाला वेगळं घरच नाही. कापड तुम्ही सोफ्याला लावा की पडद्याला. टॅरिफला धागा, विणकाम आणि त्यावरचा थर यांच्याशीच मतलब.

दुसरी चूक धाग्याची, आणि ती आपल्या भागात हमखास होते. कपाशीत वाढलेला माणूस हाताला सुती लागलं की सुती म्हणून मोकळा होतो. या गड्याच्या कापडात वजनाने ४० टक्के सूत, ३५ टक्के पॉलिएस्टर फिलामेंट (अखंड लांब धागा), २५ टक्के व्हिस्कोस स्टेपल (आखूड तंतू) होतं. सूत सगळ्यांत जास्त, म्हणून त्याने टॅरिफचं प्रकरण ५२, म्हणजे सुताचं, टाकलं. पण टॅरिफच्या विभाग ११ च्या टीप २ प्रमाणे सुतासमोर ५४ (मानवनिर्मित फिलामेंट) आणि ५५ (मानवनिर्मित स्टेपल) ही दोन्ही प्रकरणं मिळून एकच धरायची. मानवनिर्मित धागा झाला ६० टक्के, सूत हरलं. मग त्या दोघांत फिलामेंट जास्त, म्हणून ५४०७. वाचायला चक्रावून टाकणारं आहे खरं, पण नियम असाच आहे.

धागा ओळखायला काडी लावून बघणारे बरेच आहेत. ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) वेगळे काढून जाळा, नाहीतर अर्धंच कळतं. पॉलिएस्टर आकसून वितळतं आणि कडक मणी राहतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. पण व्हिस्कोसही सुतासारखंच जळतं! त्यामुळे टक्केवारीसाठी प्रयोगशाळेचा अहवालच हवा.

आता कापड उलटं करा. मागे ॲक्रिलिकचा थर नुसत्या डोळ्यांना दिसतो का? दिसत असेल तर साधं विणलेलं कापड बहुतेक वेळा ५९०३ मध्ये जातं. विणलेलं शेनिल (लवदार धाग्याचं कापड) किंवा मखमल मात्र ५८०१ मध्ये. मागे स्वेटरसारखे फासे दिसले तर ते मागावर विणलेलं नसून निटेड आहे. मग प्रकरण ६०. व्यापारी सगळ्यालाच 'वेल्वेट' म्हणतो, त्याच्या नावावर जाऊ नका.

पन्हा आणि प्रति चौरस मीटर वजनही बिलात घ्या. ८५ टक्के किंवा जास्त सूत असलेलं साधं कापड २०० ग्रॅमपर्यंत ५२०८, त्यापुढे ५२०९. शिवाय काही कापडांवर टक्केवारीचा कर आणि प्रति किलो किंवा चौरस मीटरचा कर यांतला जास्त असेल तो लागतो.

'एजंटनं लिहिलं' हे कारण चालत नाही. २०११ पासून स्वयं-निर्धारण आहे, म्हणजे कर आयातदारानेच ठरवायचा; बिल ऑफ एंट्रीतल्या (आयातीच्या कागदातल्या) आठ आकडी टॅरिफ कोडची जबाबदारी त्याचीच.

माल अडकलाच तर भांडत बसू नका. चूक आपली असेल तर कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज करा. वाद चाचणीवर अडला असेल तर कलम १८ खाली तात्पुरतं निर्धारण मागा. बाँड (हमीपत्र) भरून माल सुटू शकतो. आमच्या गड्याने तेच केलं. आता तो ऑर्डर देण्याआधी किनारीसकट हातभर तुकडा मागवतो आणि पहिल्यांदा पाठच बघतो.