कोंबडीची पिल्लं घेताना निम्मे कोंबे (नर) धरून चाला
कुडाळच्या आठवडी बाजारात विकणारा "सगळ्या तलंगाच" (म्हणजे माद्याच) म्हणाला, तरी त्या भरवशावर पैसे मोजू नका. एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून नर-मादी ओळखायला सरावलेला हात लागतो, आणि तोही कधी चुकतो. पंखाच्या पिसांवरून ओळखणं ठरावीक संकरातच जमतं, गावठीत नाही. गुलाबी-हिरवी रंगवलेली स्वस्त पिल्लं तर बहुधा अंड्यांच्या जातीचे नकोसे नर. सहा तलंगा हव्यात तर बारा पिल्लं घ्या, मरतील ती वेगळी; जादा कोंबे शिमग्याला लागतातच. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तुरा निरखा: नराचा जाड, लालसर, तलंगेचा बारीक, फिकट. तरीही शंका राहिली, तर तिसऱ्या महिन्यात शेपटीच्या बुडाशी बघा. लांब, टोकदार, चकचकीत पिसं लोंबली की तो कोंबाच.