विंडोज एक्सपीवरची जुनी मेल नव्या कॉम्प्युटरवर न्यायची तर आधी जुनं मशीन भंगारात घालू नका

खंडेनवमीच्या आधी शॉप साफ करायला काढलं की दरवर्षी मामाच्या ऑफिसच्या कोपऱ्यातलं ते एक्सपीचं मशीन बाहेर येतंय, धूळ पुसायची, कुंकू लावायचं, फूल ठेवायचं आणि परत कोपऱ्यात. यंदा मामा म्हणाला काढून टाक की रे हे आता, आणि लगेच पुढं, पण त्यातली मेल मात्र सगळी पाहिजे बघ. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग मशिनिंगचं काम करणाऱ्या माणसाला जुनी मेल कशाला, असं वाटेल, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या पार्टीचा अचानक फोन येतोय की तेच पंप केसिंग परत दहा नग पाहिजे, पॅटर्न शेडमध्ये पडलेला असतोय आणि ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन कुठल्यातरी २००९ च्या मेलला चिकटलेली. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जावा, दुकानात, पेढीवर, शाळेच्या ऑफिसात आउटलुक एक्सप्रेस, म्हणजे एक्सपीबरोबर येणारा जुना मेल प्रोग्राम, असलेलं एकतरी मशीन अजून कोपऱ्यात आहेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फाइल कॉपी करून ठेवली म्हणजे मेल जपली गेली असं होत नाही. माझ्या एका ओळखीच्या दुकानदाराचं असंच झालं, रिपेअरवाल्या पोरानं डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर घेतलं, मशीन फॉरमॅट केलं, झालं म्हणाला. आउटलुक एक्सप्रेसची मेल माय डॉक्युमेंट्समध्ये नसतेच मुळी, ती लोकल सेटिंग्ज नावाच्या लपवलेल्या फोल्डरात खोल आत असते. आठ वर्षांची मेल गेली. आणि समजा फाइली बरोबर कॉपी केल्या तरी त्या डीबीएक्स जातीच्या असतात, त्या आजचा कुठलाच नेहमीचा मेल प्रोग्राम थेट उघडत नाही. त्यामुळं जोपर्यंत जुनं मशीन चालू होतंय तोपर्यंत त्याच मशीनवर, त्याच प्रोग्रामकडून मेल साध्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढून घ्यायची. जुनं मशीन हाच सगळ्यात चांगला कन्व्हर्टर. नेटवर पैसे घेऊन कन्व्हर्ट करणारे प्रोग्राम पोत्यानं मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या फुकट ट्रायलमध्ये थोडीच मेल निघते आणि मग कार्ड नंबर मागतंय. आणि ऑनलाइन साइटवर फाइल चढवा म्हणणाऱ्यांकडं तर फिरकूच नका, त्यात तुमचे रेट, बँकेची स्टेटमेंट, घरचं सगळं असतंय.

आता काम. एक्सपीवर आउटलुक एक्सप्रेस उघडा, टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, तिथं स्टोअर फोल्डर असं बटण आहे. ते दाबलं की एवढ्याशा डब्यात एक लांबलचक पत्ता दिसतोय, तो पूर्ण दिसत नाही पण माउसनं शेवटपर्यंत ओढून कॉपी करता येतो, आणि स्टार्टमधल्या रनमध्ये पेस्ट करून एंटर मारला की फोल्डर उघडतंय. प्रत्येक मेल फोल्डरची एकेक डीबीएक्स फाइल दिसेल. फोल्डर्स नावाची एक फाइल असते, तिच्यात मेल नसते, नुसती यादी असते. आउटलुक एक्सप्रेस बंद करा आणि हे अख्खं फोल्डर जसंच्या तसं पेन ड्राइव्हवर घ्या. ही कॉपी नुसती देवाऱ्यात ठेवायची, हिला हात लावायचा नाही, पुढं काहीही बिघडलं तरी हिच्यावर परत येता येतंय.

कॉपी व्हायच्या आधी प्रोग्रामला कॉम्पॅक्ट, म्हणजे फाइली दाबून लहान, करू देऊ नका. शंभर वेळा बंद केलं की तो आपणच विचारतोय, मेसेज कॉम्पॅक्ट करू का म्हणून, आणि माणूस सवयीनं ओके मारतोय. ते चालू असताना लाईट गेली की फाइल अर्धी. आपल्याकडं लाईटचं काय सांगावं, यूपीएस नसेल तर शेजारच्याचा मागून आणा एक दिवस. आणि कुठल्या फाइलची साइज २ जीबीच्या आसपास असली तर जास्तच जपा, डीबीएक्सची मर्यादा तेवढीच आहे, त्याच्यावर गेली की ती फाइल बिघडणारच. मामाची सेंट आयटम्स १.७ जीबीला टेकली होती, बघूनच पोटात गोळा आला.

अजून एक फसवणारी गोष्ट म्हणजे आयडेंटिटी, एकाच प्रोग्राममध्ये प्रत्येक माणसाचा मेलचा वेगळा कप्पा. एकाच मशीनवर मामाची एक आणि दिवाणजींची एक अशा दोन आयडेंटिटी होत्या आणि दिवाणजी रिटायर होऊन दहा वर्षं झाल्यावर ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. फाइल मेन्यूत स्विच आयडेंटिटी आहे, त्यात बघा किती नावं आहेत. दुसरी असेल तर मुख्य आयडेंटिटीत येऊन फाइल, इम्पोर्ट, मेसेजेस, आउटलुक एक्सप्रेस ६ असं जावा, तो विचारतोय आयडेंटिटीतून घेऊ की फोल्डरातून, आयडेंटिटी सांगा. पण त्याच्या आधी आपल्या इनबॉक्समधली मेल वेगळ्या नावाच्या फोल्डरात हलवून ठेवा, सेंट आयटम्सचीही तशीच, नाहीतर दोघांचं सगळं एकात कालवून जातंय आणि नंतर निवडत बसायला लागतंय तांदळातले खडे निवडल्यासारखं.

मग एक कागद घ्या, खरंच कागद, आणि प्रत्येक फोल्डरवर क्लिक करून खालच्या पट्टीत किती मेसेज दिसतात तो आकडा लिहून काढा. कंटाळा येतोय, पण सगळं झाल्यावर मेल पूर्ण आली का हे सांगणारा पुरावा हा एकच.

आता बाहेर काढायची. मला सगळ्यात सरळ पडलेली वाट अशी, एक्सपीवरच थंडरबर्ड हा मोझिलाचा फुकटचा मेल प्रोग्राम टाकायचा. आजचं थंडरबर्ड एक्सपीवर चालत नाही, शेवटचं चाललेलं म्हणजे ५२.९.१, ते मोझिलाच्याच जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात मिळतंय. नव्या मशीनवर डाउनलोड करून पेन ड्राइव्हनं न्या, एक्सपीतल्या ब्राउझरमध्ये आताच्या साइट धड उघडत नाहीत आणि तसंही ते मशीन नेटला लावूच नका, मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवलाय. थंडरबर्ड उघडलं की खातं जोडा म्हणतंय, जोडू नका, रद्द करा. मेन्यू दिसत नसेल तर ऑल्टचं बटण दाबा, टूल्स, इम्पोर्ट, मेल, आउटलुक एक्सप्रेस. मग चहा घ्या, दोन घ्या. मामाच्या मेलला पाऊण तास लागला आणि मधे स्क्रीन गोठल्यासारखी झाली म्हणून मामा स्विच बंद करायला निघालेला, म्हटलं थांब की जरा.

झालं की डाव्या बाजूला लोकल फोल्डर्सच्या खाली आउटलुक एक्सप्रेस मेल नावाचं फोल्डर येतंय. आता ते एमबॉक्स फॉरमॅटमध्ये आहे, म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, एकाखाली एक मेल. छोटी असली तर ही नोटपॅडमध्येसुद्धा उघडती, वीस वर्षांनीही कुठलातरी प्रोग्राम हिला वाचेलच, म्हणून मी हिच्यावर एवढा जोर देतोय. हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, शो फोल्डर असं करून प्रोफाइलचं फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद करा, त्यात मेल, त्यात लोकल फोल्डर्स. तिथं एकाच नावाच्या दोन गोष्टी दिसतील, एक बिनशेपटीची फाइल आणि एक एसबीडी शेपटीचं फोल्डर. दोन्ही घ्यायच्या, एक घेतली आणि दुसरी राहिली तर आतली सबफोल्डरं दिसत नाहीत. एमएसएफ नावाच्या फाइली सोडून द्या, ती नुसती अनुक्रमणिका, नवीन मशीन आपली आपण करून घेतंय.

पेन ड्राइव्हबद्दल, फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, जागा कितीही असू दे. नव्या मशीनवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून आणा, ते एक्सपीलाही चालतंय.

नव्या मशीनवर नवीन थंडरबर्ड टाका, एकदा उघडा, हेल्पमधून तसंच प्रोफाइल फोल्डर उघडा, थंडरबर्ड बंद करा आणि मग लोकल फोल्डर्समध्ये त्या दोन गोष्टी पेस्ट करा. उघडं असताना पेस्ट केलं तर गोंधळ. परत चालू केलं की फोल्डर दिसायला लागतंय, पहिल्यांदा क्लिक केल्यावर जरा वेळ घेतंय. आता तो कागद काढा आणि आकडे जुळवा. आकडा जुळला तरी थांबू नका, साइजनं सॉर्ट करून सगळ्यात जाड पाच-सहा मेल उघडून अटॅचमेंट खरंच उघडते का बघा. तारखांमध्ये घोळ दिसला तर घाबरू नका, मदरबोर्डचा सेल गेलेल्या काळात पाठवलेल्या मेलवर मशीनची चुकीचीच तारीख बसलेली असते, ती चूक तेव्हाची आहे, तुमची नाही.

मशीन चालूच होत नसेल तर? हार्ड डिस्क काढा, यूएसबीला जोडणारा अडॅप्टर मिळतोय, पण डिस्क जुनी रुंद पट्टीवाली आयडीई आहे की साटा ते बघून आणा. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज उघडताना परवानगी नाही म्हणेल, प्रॉपर्टीज, सिक्युरिटीत जाऊन मालकी आपल्या नावावर करून घ्यायची. डीबीएक्स फाइली मिळाल्या की अनडीबीएक्स नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, तो प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल काढून देतोय, बिघडलेल्या फाइलीतूनही जमेल तेवढी काढतोय. ह्या ईएमएल थंडरबर्डमध्ये घ्यायला इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन टाका. आणि कुणी मेलचा बॅकअप सीडीवर ठेवला असेल तर सीडीवरून कॉपी केलेल्या फाइली रीड-ओन्ली राहतात, जुना प्रोग्राम मग मेसेज सापडले नाहीत असं खोटंच सांगतोय, प्रॉपर्टीजमधली ती टिक काढली की लगेच सापडतात. ह्या एका टिकेनं माझा अख्खा रविवार खाल्लाय.

विंडोज लाइव्ह मेल ह्या आउटलुक एक्सप्रेसनंतरच्या प्रोग्रामवाल्यांचं सोपं आहे, त्यात मेल आधीपासूनच ईएमएल फाइलीत असते, तेच अ‍ॅड-ऑन वापरा. ऑफिसबरोबर येणाऱ्या खऱ्या आउटलुकची मेल पीएसटी फाइलीत असते, तिचं असं, क्लासिक म्हणजे जुन्या पद्धतीचं आउटलुक असेल तर ते जुनी पीएसटी थेट उघडतंय, काही हलवायलाच नको. २००३ च्या आधीच्या आउटलुकमध्ये केलेली पीएसटी २ जीबीच्या पुढं जात नाही एवढं ध्यानात ठेवा, आणि बिघडली तर आउटलुकबरोबरच येणारा स्कॅनपीएसटी हा दुरुस्तीचा प्रोग्राम आधी कॉपीवर चालवा.

आता आपल्याकडचा खास घोळ. २००५ च्या सुमाराच्या मराठी मेल उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतोय आणि माणूस म्हणतोय मेल खराब आली. खराब नाही. तेव्हा युनिकोड, म्हणजे आता सगळीकडं चालणारी मराठी अक्षरांची पद्धत, फार कुणी वापरत नव्हतं, श्रीलिपी नाहीतर कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप करायचे, सरकारी ऑफिसातून आलेल्या कन्नड मेल नुडी नाहीतर बरहामध्ये. अक्षर म्हणून आत इंग्रजीच्या जागाच भरलेल्या असतात, वर मराठी दिसायची ती त्या फॉन्टच्या जोरावर. एन्कोडिंगचे पर्याय बदलून ते कधीच सुधारणार नाही. जुन्या मशीनच्या कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट कॉपी करून नव्यावर टाका, एचटीएमएल मेल लगेच वाचता येतात कारण फॉन्टचं नाव मेलमध्येच लिहिलेलं असतंय, साध्या टेक्स्टच्या मेलमध्ये ते नसतंय, तिथला मजकूर वर्डमध्ये चिकटवून फॉन्ट द्यायचा. कायमचं पाहिजे तर कन्व्हर्टरनं युनिकोड करा, पण सगळ्या मेलचं करत बसू नका, लागेल तेवढंच. मशीन भंगारात गेलं की हे फॉन्टही गेले, म्हणून आजच घ्या.

आणि शोधताना, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं आधीच्या मेलमधल्या पत्त्यांत इंग्रजीत जुनं स्पेलिंग आहे आणि नंतरच्यात नवं. मामा नुसतं नवं नाव टाकून शोधत होता आणि ओरडत होता की निम्मी मेल गायब. दोन्ही टाकून बघा.

जीमेलमध्ये चढवायची असेल तर आउटलुक एक्सप्रेसमधून थेट प्रयत्न करू नका, आताचं सुरक्षित कनेक्शन त्याला येतच नाही. नव्या थंडरबर्डमध्ये जीमेल आयमॅप ह्या पद्धतीनं जोडा, एक लेबल, म्हणजे जीमेलमधलं फोल्डर, करा आणि दोनशे-तीनशे मेल करून ओढा, दहा हजार एकदम ओढल्या तर मधेच अडकतंय आणि कुठपर्यंत गेल्या कळत नाही. फुकटातली जागा १५ जीबी आणि त्यात फोटो, ड्राइव्ह सगळं आलं. मी मामाचं चढवलं नाही, दोन हार्ड डिस्कवर एमबॉक्स ठेवलं, एक शॉपमध्ये, एक घरी वडगावला.

पत्त्यांची वही विसरू नका, अ‍ॅड्रेस बुक वेगळ्या फाइलीत असते, फाइल, एक्सपोर्टमधून सीएसव्ही करून घ्या. आणि मशीन दोन-तीन महिने तरी ठेवा, राहिलेलं काहीतरी आठवतंयच, मामाला तिसऱ्या आठवड्यात आठवलं की ड्राफ्ट्समध्ये कोटेशनचे नमुने होते. शेवटी भंगारवाल्याला देताना हार्ड डिस्क काढून घ्या, मेलचा पासवर्ड त्या प्रोग्राममध्ये सेव्ह केलेला असतोय. मामानं ती काढलेली डिस्क टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलीय.