गावात दहनशेड बांधायचं आहे? आधी हवेची वाट काढा

दहनशेडचं काम मंजूर झालं की आमच्या वऱ्हाडात पहिली चर्चा होते कमानीची. 'मोक्षधाम' कोणत्या रंगात लिहायचं, वर त्रिशूळ की महादेव, पेव्हर लाल की पिवळे. "साहेब, रोडावरून दिसलं पाहिजे," एवढंच सरपंचाचं म्हणणं. मी ओव्हरसिअर म्हणून रिटायर झालो. जनसुविधा योजनेच्या पैशातली अशी कितीतरी शेडं माझ्याच हातानं एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकात, चढली. कमान दणकट, आत मात्र चार खांब, वर टीन आणि खाली सिमेंटचा सपाट ओटा. श्रावणझडीत त्यावर ओली बाभूळ रचली की धूर निघतो, जाळ धरत नाही. मग कोणी डिझेल आणतं, कोणी ट्रॅक्टरचा जुना टायर.

लाकूड कमी पडलं म्हणून हे होत नाही. खालून हवा जात नाही म्हणून होतं. उघड्यावरची चिता चारी बाजूंनी वारा घेते. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांची चिता रचली गेली; तिथं त्यांची छत्री आजही आहे. नदीकाठी ओट्याची गरजच नव्हती. आपण सपाट ओटा घालतो आणि चितेचा खालचा श्वास बंद करतो.

त्याच काळात युरोपातली मंडळी बंदिस्त भट्टीच्या मागे होती. पादुआच्या ब्रुनेत्ती नावाच्या प्राध्यापकानं १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपलं काम मांडलं. ते पाहून लंडनचे सर्जन हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये दहन संस्था काढली. त्याच वर्षी ड्रेस्डेनला फ्रीडरिक सिमेन्सची भट्टी चालली. तिची युक्ती मला फार आवडते. जळता वायू आधी विटांच्या जाळीदार कोठीतून न्यायचा, विटा लालबुंद करायच्या, मग त्याच विटांमधून हवा सोडायची. प्रेतापर्यंत पोचते ती फक्त तापलेली हवा, कोळसा नाही. म्हणून राख स्वच्छ मिळते, इंधनाची त्यात मिसळत नाही. १८७८ मध्ये गोथा इथं जर्मनीतलं पहिलं दहनगृह झालं, ते याच भट्टीवर. इंग्लंडात वोकिंगला १८७९ मध्ये गोरिनी या इटालियन माणसाची भट्टी बांधली आणि आधी एक घोडा जाळून पाहिला. गावकऱ्यांनी ओरड केली, सरकारनं काम थांबवलं, आणि माणसाचं पहिलं दहन व्हायला १८८५ उजाडलं. देखणं प्रार्थनागृह त्याच्याही नंतरचं. भट्टी आधी, शोभा मागून. मिलानवाल्यांना मात्र आपल्यासारखाच सोस होता: १८७६ चं त्यांचं दहनगृह म्हणजे खांबांचं ग्रीक देऊळच. मला विचाराल तर आपल्या कामाचा नमुना अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियात डॉ. लेमॉइन यांनी त्याच वर्षी बांधलेला. साधी विटांची इमारत, दोन खोल्या. एकीत माणसं, दुसरीत भट्टी. बस्स.

आता कामाला लागू. जागा नाल्याच्या पूररेषेच्या वर घ्या. काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोदा. मिस्त्री "एवढं कशाला" म्हणेल, ऐकू नका. पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला छातीएवढी भिंत घाला, बाकी तीन बाजू मोकळ्या.

ओटा हाच खरा खर्च. साधं काँक्रीट जाळाखाली तडकतं, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि खपल्या उडतात. म्हणून सात फूट लांब, तीन फूट रुंद जागेच्या दोन्ही लांब बाजूंना अडीच फुटांच्या बुटक्या भिंती घ्या. आतून फायर ब्रिक म्हणजे भट्टीची जाळ सोसणारी वीट, जोडणी तशाच मातीत, फायर क्लेमध्ये, सिमेंटमध्ये नाही. उंची याहून वाढवू नका, अग्नी देणाऱ्याचा हात पोचला पाहिजे. भोवती चार फूट वाट सोडा, मडकं घेऊन फिरायला लागते. भिंतींच्या तळाशी वीतभर झरोके ठेवा आणि जमिनीपासून दीड फुटावर बिडाचे जाड गज टाका, मधे तीन बोटं फट.

गज दोन्ही टोकांना वेल्डिंग करून जाम करू नका. चितेच्या पोटात ८०० अंशांच्या आसपास ताप असतो. सहा फुटी गज तेवढ्यात अर्धा-पाऊण इंच वाढतो. जागा नसेल तर कमानीसारखा वाकतो, नाही तर भिंत ढकलतो. सगळे सुटे ठेवले तर भंगारवाला नेईल ही भीतीही खरी आहे. म्हणून एका टोकाला खुंटी मारा, दुसरं टोक खाचेत मोकळं सोडा. खाली पत्र्याचा सरकता ट्रे हवा. तिसऱ्या दिवशी सावडायला आलेल्या माणसांना राख खरवडावी लागत नाही.

सपाट ओट्यावर चार-पाच क्विंटल लाकूड सहज जातं. खालून हवा आणि बाजूला भिंती मिळाल्या की त्याच्या निम्म्यानंही भागतं. पेटवायला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि तुराट्या आहेतच.

खांब जाळापासून पाच फूट लांब ठेवा. साडेपाचशे अंशांवर लोखंडाची जवळपास निम्मी ताकद जाते, खांब दिसायला ठीक असला तरी. टीन पंधरा फुटांवर, आणि माथ्यावर हातभर फट सोडून तिच्यावर दुसरं छोटं छप्पर. लंडनच्या गोल्डर्स ग्रीनला १९०२ मध्ये धुराडं घंटेच्या मनोऱ्यात लपवलं होतं. आपल्याला लपवायचं काय, धूर वर गेला म्हणजे झालं.

ओटे दोन करा, एकाच आठवड्यात दोन मौती होतात. पण दोन जातींसाठी दोन करू नका. ठरावातच लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.

लाकडाची खोली शेडला लागूनच, फरशी उंच. मे महिन्यात फोडून भरलेलं लाकूड जुलैत कामी येतं.

शेवटी पश्चिमेच्या भिंतीत अस्थींसाठी कप्पे काढा. पॅरिसच्या पेर लाशेझला अशा कोनाड्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. आपल्याला सहा पुरे. पोरगं पुण्याहून येईपर्यंत, रामटेकजवळच्या अंबाळ्याला किंवा कौंडण्यपूरला अस्थी शिरवायला जाणं होईपर्यंत गाठोडं झाडाला टांगून ठेवावं लागत नाही. कप्प्यांना नंबर टाका, कुलूप लावा. चावी ग्रामपंचायतीत नको, रविवारी ती बंद असते. कोतवालाकडे ठेवा.