रस्ता अडवायचा ठरलाच, तर कसा अडवावा

मी 27 वर्षं एसटी चालवली. त्या काळात किती वेळा रास्ता रोकोत अडकलो याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतर मात्र दोनदा मी स्वतः रस्त्यावर बसलो. आमची वाडी लांज्याजवळ, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. चौपदरीकरणात घरं अलीकडे राहिली नि शाळा पलीकडे गेली. पोरांना जायला भुयारी मार्ग नाही, सर्व्हिस रोड अर्धवट. पहिल्या आंदोलनाने आमचं नुकसान केलं, दुसऱ्याने थोडं तरी पदरात पडलं. आंदोलनाच्या तयारीत असलेल्या गावांनी आमची चूक पुन्हा करू नये म्हणून हे लिहितोय.

बैठक बसली की पहिला प्रश्न हा घ्या: रस्ता अडला की नेमकं कुणाचं काम अडतं?

आम्ही तो विचारला नव्हता. मे महिन्यात संध्याकाळी चार ते सात बसलो. रांगेत तिसरा टेम्पो आमच्याच वाडीतल्या शेजाऱ्याचा, आंबा घेऊन वाशीच्या बाजाराला निघालेला. ताडपत्रीखाली हात घातला तर पेंढ्यातून वाफ येत होती. शेजारी एक शब्द बोलला नाही, नुसती ताडपत्रीची दोरी सोडून पुन्हा बांधत राहिला. टेम्पो पोचेपर्यंत बाजार उठला होता, मिळेल त्या दराने माल द्यावा लागला. आणि ज्या साहेबाची सही आम्हाला हवी होती, त्याच्या टेबलावरचा कागदही हलला नाही. पुढच्या बैठकीला शेजाऱ्याच्या घरातून कुणी आलं नाही, त्याच्या भावकीतूनही नाही.

नेमकं कुणाला अडवायचं, याची आपल्या कोकणात जुनी-नवी उदाहरणं आहेत. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली जमीनदार खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढारी, 25 गावं सामील. त्यांनी कुणाची वाट अडवली नाही, खोतांच्या जमिनी कसायच्या थांबवल्या. पोटाला चिमटा काढून सहा वर्षं टिकले, पण घाव बसला तो खोतांच्या उत्पन्नावर. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, त्या रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी आलेल्या गाड्यांपुढे. रिफायनरीबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या बायकांनी कुणाला अडवायचं ते नीट ओळखलं होतं.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही महामार्ग सोडला आणि ठेकेदाराच्या खडी क्रशरकडे जाणाऱ्या फाट्यावर बसलो. एसटी चालू, टेम्पो चालू, फक्त डंपर उभे. सकाळी आठला बसलो. अकराच्या आत ठेकेदाराचा माणूस आला आणि दुपारी अधिकारी.

पण बसण्याआधी कागद पक्का करा. ग्रामसभेचा ठराव, त्याला जोडून निवेदन, त्याच्या प्रती तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. निवेदनात मागणी एकच ठेवा, फार तर दोन. आम्ही पहिल्या वेळी अकरा मागण्या लिहिल्या होत्या, त्यातली सगळ्यात स्वस्त ती मान्य झाली.

जिल्ह्यात पोलीस कायद्याचं कलम 37, म्हणजे जमावबंदीचा आदेश, लागू आहे का, ते ठाण्यात विचारा. आंदोलनाआधी नोटीस येते, ती घ्या, टाळू नका. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2020 च्या शाहीनबाग निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा किती वाजता उठणार ते आधी ठरवा आणि त्या वेळेला उठा. बोटीवर किंवा आखातात नोकरीला जाणाऱ्या पोरांना पुढे बसवू नका. एक गुन्हा नोंद झाला की त्यांची चारित्र्य पडताळणी लटकते. पुढे आम्ही निवृत्त माणसं बसलो.

महामार्गावरच बसावं लागलं, तर वीस मिनिटांच्या वर नको. गणपतीआधीचा आठवडा, शिमगा, आंब्याचा हंगाम, परीक्षेचे दिवस वगळा. गावी येणारा चाकरमानी आपलाच माणूस आहे. दोन्ही बाजूंना दोनशे पावलांवर लाल फडकं घेतलेली दोन-दोन माणसं उभी करा आणि रुग्णवाहिकेसाठी एक लेन पहिल्यापासून मोकळी ठेवा. गर्दी उठवून वाट करायला किती वेळ जातो, ते मी स्टिअरिंगवर बसून पाहिलंय. 

ड्रायव्हरच्या हातात चिठ्ठी द्या. यावर मी जोर देतो. चार ओळी: आम्ही कोण, काय हवं, किती वाजता रस्ता मोकळा होणार. मला कधीच कुणी असं सांगितलं नाही. मागून पन्नास प्रवासी विचारतात, "काय झालं हो?" आणि ड्रायव्हरला उत्तर माहीत नसतं. मग गाडीत त्या गावाला शिव्याच पडतात.

तोंडी आश्वासनावर उठू नका. आम्हाला तारीख घातलेलं पत्र मिळालं. महिन्याभरात गतिरोधक झाले, सर्व्हिस रोडचा राहिलेला तुकडा पुरा झाला. भुयारी मार्गाचं उत्तर अजून नाही. त्यासाठी दर सोमवारी वाडीतले दोघं जण कार्यालयात जातात, काय बोलणं झालं ते वहीत तारखेसकट लिहितात. या सोमवारी माझी आणि टेम्पोवाल्या शेजाऱ्याची पाळी आहे.